मावशींनी गाडीचा सेल्फ काढला

माझ्या बायकोच्या थोरल्या मावशी आजवर कधी, कुठे, कोणाकडून हरलेल्या नाहीत. हरण्याचे प्रसंग आले नाहीत असं नाही. ते पुष्कळ आले, पण हे आपल्या हरण्याचे प्रसंग आहेत हे मावशींच्या लक्षातच आलं नाही, आणि मग ते प्रसंग थोडा वेळ ताटकळून निघून गेले. त्यांची माझी पहिली ओळख माझ्याच लग्नात झाली. वऱ्हाडाची बस हॉलसमोरच्या बोळात अडकली होती. पुढे दुसऱ्या लग्नाचा बँड, मागे केटररचा टेम्पो आणि दोन्ही बाजूंना भिंती. ड्रायव्हरने इंजिन बंद करून स्टिअरिंगवर डोकं टेकलं होतं. मावशी भरजरी साडीचा पदर कमरेला खोचून खाली उतरल्या, आधी बँडवाल्यांना भिंतीशी एका रांगेत उभं केलं, मग टेम्पो हलवला, मग बसच्या पत्र्यावर तळहाताने थापा मारत 'येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या' करत ती बस उलटी थेट मोठ्या रस्त्यापर्यंत नेली. परत येऊन त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, आता सावकाश होऊ द्या तुमचं लग्न. रस्ता मोकळा आहे."

मावशी एस.टी.त कंडक्टर होत्या. यजमान फार लवकर गेले, मुलगा मिलिंद तेव्हा बालवाडीत होता, आणि मावशींनी सगळी नोकरी हरसूल, निफाड, इगतपुरी अशा रस्त्यांवर उभ्याने केली. नोकरी संपली तरी ती त्यांच्या अंगातून उतरलेली नाही. त्यांच्या घरी पंगत बसली की त्या वाढायला येतात आणि 'पुढे सरका, मागे माणसं उभी आहेत' असं म्हणतात. मागे कोणी नसलं तरी आपण सरकतो. दारात उभं राहून बोलणारा माणूस त्यांना सहन होत नाही. एकदा कॉलनीतल्या बुद्धविहारात वंदना चालू असताना एक पाहुणे उंबऱ्यावरच हात जोडून उभे राहिले. मावशींनी डोळे मिटलेले ठेवूनच सांगितलं, "दारात थांबू नका, आत जागा आहे," आणि पुढची ओळ पकडली. कुठेही निघताना त्या आधी माणसं मोजतात. बाजाराला दोघंच निघालो तरी मोजतात. मग हाताला लागेल त्या वस्तूवर, दारावर, कपाटावर, क्वचित माझ्या पाठीवर, दोनदा टकटक करतात. ती डबल बेल. ती झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं सहलीला जातात, गुडघ्यांना तेल लावतात, नातवंडांची वाट बघतात. मावशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या. "आयुष्यभर मी बेल मारली आणि दुसऱ्याने गाडी हलवली," त्या म्हणाल्या, "आता बेलही माझी आणि गाडीही माझी." शिकवणारा त्यांना क्लच आणि ब्रेक समजावून सांगायचा, आणि त्या त्याला मागून कोण येतंय ते सांगायच्या. लायसन्स हातात पडल्याबरोबर त्यांनी निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराकडून जुनी पिकअप घेतली. तिचा मूळ रंग निळा असावा असा आमचा अंदाज आहे. कित्येक हंगाम द्राक्षांचे क्रेट वाहून तिला आंबटगोड वास लागला होता, डावा दरवाजा आतून उघडत नसे आणि उजवा बाहेरून. पण मावशींनी स्वतःच्या मर्जीने स्वतःसाठी घेतलेली ती पहिली मोठी वस्तू होती, आणि त्यांच्या लेखी तिच्यात काही कमी नव्हतं. तेव्हापासून नाशिकच्या उपनगर भागाजवळच्या आमच्या कॉलनीत कपाट, फ्रिज, पलंग हलवायला कोणी बाहेरची गाडी आणलेली नाही. मावशी नुसतं सामान पोचवत नाहीत, ते नव्या घरात कुठे ठेवायचं तेही सांगतात. माझ्या घरातलं कपाट खिडकीसमोर उभं आहे ते त्यामुळेच.

या गाडीत खोट एकच होती: ती सुरू होत नसे. किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला धक्का देणारी जी मोटर असते, जिला गॅरेजवाले सेल्फ म्हणतात, ती म्हातारी झाली होती. किल्ली फिरवली की आतून टक असा एक आवाज यायचा आणि मग शांतता. पहिल्या वर्षी मावशींनी यावर उपाय काढला तो बत्त्याचा. घरातल्या खलबत्त्याचा लोखंडी बत्ता त्यांनी गाडीत नेऊन ठेवला. सेल्फ रुसला की बॉनेट उघडून त्याच्या पाठीवर बत्त्याने दोन ठोके द्यायचे, की तो कुरकुरत फिरायचा. घरी आलं घालून चहा करायचा असला की मावशी पाणी उकळायला ठेवून आधी बत्ता आणायला गाडीकडे जात, म्हणून त्यांच्या चहाला किंचित ग्रीसचा वास असे. पुढे बत्ताही चालेना. तेव्हा मावशींनी उतार शोधायला सुरुवात केली. गाडी उताराला लावायची, निघताना हँडब्रेक सोडायचा, चाकं फिरू लागली की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा; इंजिन हिसका खाऊन जागं होतं. या एका कारणासाठी मावशींनी अख्खं नाशिक नव्याने पाठ केलं. आपल्याला जे रस्ते सपाट वाटतात त्यांतला कोणता कुठल्या बाजूला झुकलाय हे त्यांना तळपायाला कळायचं. नाशिकमधल्याच मालेगाव स्टँडचा उतार त्यांच्या मते शहरातला सर्वोत्तम, पांडवलेण्यांच्या पायथ्याचा दुसरा. ज्यांच्या घरासमोर उतार नाही अशा नातेवाइकांकडे त्यांचं जाणं हळूहळू कमी होत गेलं. डॉक्टरही त्यांनी उतार बघून बदलला.

हे असं वर्षानुवर्षं चाललंही असतं. पण दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी गाडी द्वारकेच्या चौकात, ऐन गर्दीत, सिग्नलला बंद पडली. चौक सपाट. मागे बस, ट्रक, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न. मावशींनी खाली उतरून वाहतूक स्वतःच्या हातात घेतली ती गोष्ट वेगळी, पण कोणीतरी मिलिंदला फोन केला. तो अंबडच्या कंपनीत नोकरीला आहे. ड्यूटी अर्धी टाकून तो धावत आला, चार माणसं जमवून गाडी कडेला ढकलली, आणि त्या वेळी तो काही बोलला नाही. मिलिंद तसा फार गरीब स्वभावाचा. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चहाला गेलो तेव्हा त्याने कप खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "आई, रविवारी सकाळी एक माणूस येतोय. गाडी भंगारात घेणारा आहे. मी बोललोय त्याच्याशी."

मावशी म्हणाल्या, "कोणाची गाडी?"

"तुझी."

"मग तू कसा बोललास?"

"कारण तू कुठल्या तरी घाटात एकटी अडकलीस आणि मला फोन आला, की माझा जीव राहत नाही जागेवर. त्या दिवशी चौकात तुला ट्रकसमोर हात करून उभं बघितलं. आई, मला ते परत बघायचं नाहीये."

हे तो अगदी सरळपणे बोलला. माझी बायको हळूच म्हणाली, "मावशी, सेल्फ नवा नाही का बसवता येत?" मिलिंदने मान हलवली. गॅरेजवाल्याला त्याने विचारलं होतं. सेल्फचा वरचा बोल्ट गंजून बसलाय, तिथे हात जात नाही, पाइप आडवा येतो, सगळं खोलावं लागेल किंवा कापावं लागेल, आणि एवढं या गाडीसाठी कोण करणार, असं त्याचं म्हणणं.

"हात कोणाचा जात नाही?" मावशींनी विचारलं.

"गॅरेजवाल्याचा."

"माझा गेला तर?"

मिलिंद थकून हसला. "रविवारी सकाळी ही गाडी सपाट जागेवर, किल्लीवर, सगळ्यांसमोर सुरू झाली, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. पण नाही झाली तर तूही काढायचा नाहीस."

मावशींनी टेबलावर दोनदा टकटक केलं. म्हणजे ठरलं. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जावईबापू, उद्या दुकान बंद ठेवा." माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जावयाला आमच्याकडे अजून मान आहे. त्याला पाटावर बसवतात, पहिली पोळी त्याला वाढतात. मावशीही हे सगळं रीतसर करतात. त्यानंतर त्याला गाडीखाली घालतात.

त्याच संध्याकाळी मावशींचा फोन वाजला. हरसूलजवळच्या पाड्यावरची सोनाबाई होती. ही बाई कितीतरी वर्षं मावशींच्या एस.टी.ने टोपलीभर भाजी घेऊन नाशिकला यायची. तिच्या मुलीने आता शिवणकामाचं दुकान थाटायचं ठरवलं होतं, आणि शहरातून घेतलेल्या दोन शिलाई मशीन रविवारी पोचवायचं मावशींनी कबूल केलं होतं. फोन स्पीकरवर होता. "मावशे, येशील ना गं? पोरगी लय वाट बघती. समद्या पाड्याला सांगून बसलीय."

"येते," मावशी म्हणाल्या. मिलिंद भिंतीकडे बघत होता.

शनिवारी सकाळी पहिला प्रश्न जागेचा आला. गाडी उतारावर उभी होती आणि उतारावर उभ्या गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. तिला सपाटीवर आणायला हवं होतं. आणि सपाटीवर आली की ती किल्लीशिवाय पुन्हा हलणार नव्हती. मावशी क्षणभर स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या. मग त्यांनी हँडब्रेक सोडला. गाडी घरंगळत खाली आली आणि शेवटचं अंतर कॉलनीतल्या माणसांनी ढकलून तिला विहारासमोरच्या फरशीच्या अंगणात नेऊन उभं केलं. इतक्या वर्षांत ती गाडी प्रथमच न झुकता सरळ उभी होती. बघणाऱ्यालाच चुकल्यासारखं वाटत होतं.

मी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून ठेवला होता. त्यातला माणूस इतक्या स्वच्छ गाडीखाली झोपला होता की तिथे ताट मांडून जेवता आलं असतं, आणि तो हसत हसत म्हणत होता की फक्त तीन बोल्ट काढायचे. मावशींनी तो पूर्ण पाहिला आणि म्हणाल्या, "याचं काही बिघडलेलंच नाही." मग त्यांनी पदर खोचला, बॉनेट उघडलं आणि सगळ्यात आधी बॅटरीची अर्थची वायर सोडवून बाजूला केली. "डेपोत मेकॅनिक आधी हेच करायचे. का करायचे ते विचारायचं राहून गेलं." मी व्हिडिओतून नुकतंच शिकलो होतो, म्हणून सांगितलं की सेल्फला बॅटरीतून थेट जाडी वायर येते, पाना चुकून पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. मावशींनी कौतुकाने मान हलवली आणि म्हणाल्या, "हुशार आहात. आता खाली जा."

मागच्या चाकांना दगड लावले, पुढून जॅकवर उचलून खाली टेकू म्हणून लोखंडी घोड्या दिल्या, आणि मी जुन्या पोत्यावर पाठ टेकून आत सरकलो. वर बघितलं तर सगळीकडे काळं तेल, माती आणि द्राक्षाची वाळलेली पानं. त्या काळोखात सेल्फ इंजिनाच्या कुशीत चिकटून बसला होता, एखाद्या जाडजूड नळकांड्यासारखा, पाठीवर दुसरं छोटं नळकांडं घेऊन. मावशी बॉनेटवरून आडव्या होऊन आत वाकल्या होत्या. प्लास्टिकच्या स्टुलावरून त्यांचे पाय अर्धवट उचलले गेले होते. मला फक्त त्यांचा चष्मा दिसत होता आणि त्यांना बहुधा माझं कपाळ. आमचं सगळं बोलणं इंजिनाच्या आरपार चाललं होतं. जाड्या वायरचे नटबोल्ट मी सोडवले, बारीक वायर मावशींनी उपटली. "अहो, ओढू नका, खूण करा, कुठली कुठे होती ते," मी खालून म्हणालो. "लाल कापड बांधलंय," वरून उत्तर आलं, आणि तेव्हा मला कळलं की माझा रुमाल कुठे गेला होता.

खालचा एक बोल्ट गोटी पाना लावल्याबरोबर मुकाट्याने निघाला. दुसरा हलेना. त्याच्यावर डिझेल सोडलं, चहा होईपर्यंत मुरू दिलं, मग पान्याच्या दांड्याला पाइप जोडून मी दोन्ही पायांनी टेकू घेतला आणि जोर लावला. करकर असा एक आवाज झाला. माझ्या कमरेतून आला की बोल्टमधून हे काही वेळ कळलं नाही. बोल्टमधून आला होता. विहाराच्या पायऱ्यांवर मेथी निवडत बसलेल्या बायका आता मेथी सोडून बघू लागल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "मावशी, जावयाला जेवायला तरी सोडा." मावशी आतूनच म्हणाल्या, "आधी उतरू द्या. मग जेवण."

राहिला वरचा. तोच तो, गॅरेजवाल्याने हात टेकले होते तो. मी खालून पाहिला, दिसला नाही. वरून टॉर्च मारला, दिसला नाही. पाइपाच्या मागे, इंजिनाच्या भिंतीच्या आणि सेल्फच्या मधल्या फटीत तो बसला होता, आणि त्या फटीत माझा हात मनगटापलीकडे जाईना. मी सांगितलं, "मावशी, दिसतच नाही."

"दिसायला कशाला हवा?" मावशी सरळ झाल्या. त्यांनी हातातल्या बांगड्या काढल्या, घड्याळ काढलं, दोन्ही माझ्या बायकोच्या ओंजळीत दिलं, आणि कोपरापर्यंत खोबरेल तेल चोळलं. "भरलेल्या गाडीत, खड्ड्यातून जाताना, माणसांच्या पायांत पडलेलं नाणं मी बघून उचलत नव्हते. बघायला वाकले असते तर पडले असते." आणि त्यांचा तो बारीक, शिरा उमटलेला हात पाइपाच्या मागे शिरला, मनगट गेलं, मग अर्धा हात गेला. त्यांनी डोळे मिटून घेतले. वंदनेला मिटतात तसेच. "आहे," त्या म्हणाल्या. "पाना द्या. छोटा." मी वर पाना दिला. तो दोनदा घसरला, एकदा खाली पडून माझ्या छातीवर आला, तिसऱ्यांदा बसला. पण वळायला जागा इतकी थोडी की एक सूतभर फिरवायचा, काढायचा, पुन्हा चाचपून लावायचा. मावशी ओठ दाबून हे करत राहिल्या. मधे एकदा त्यांनी हात बाहेर काढला तेव्हा बोटांची सालं निघाली होती. माझी बायको म्हणाली, "मावशी, बास ना आता." मावशींनी हाताकडे पाहिलं, साडीला पुसला आणि परत आत घातला. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक असा भाव होता की पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, या फक्त हट्टाने करत नाहीत. ही गाडी गेली तर त्या घरात बसतील, आणि घरात कसं बसायचं ते त्यांना येत नाही.

"जावईबापू, खाली गोधडी धरा."

मी घडी घातलेली गोधडी छातीवर घेतली. वरून शेवटचा वेढा सुटल्याचा बारीक आवाज आला, सेल्फ एका बाजूला झुकला, मी दोन्ही हातांनी त्याला धरला, आणि तो सगळ्या वजनासकट माझ्या छातीवर येऊन विसावला. माझा श्वास थांबला, पण मी ओरडलो ते आनंदाने. मला गाडीखालून पाय धरून बाहेर ओढलं तेव्हा सेल्फ माझ्या कुशीत होता आणि पायऱ्यांवरच्या बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मावशींच्या मुठीत तो बोल्ट होता. त्यांनी तो मला दाखवला नाही, कोणालाच दाखवला नाही, नुसता मुठीत धरून त्या बराच वेळ उभ्या होत्या.

तो सेल्फ द्वारकेजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यायचा होता. मावशींनी त्याला स्वच्छ पुसलं, गोधडीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन आम्ही सिटी बसमध्ये बसलो. समोरच्या आजींनी प्रेमाने वाकून विचारलं, "किती महिन्यांचं आहे?" मावशी म्हणाल्या, "म्हातारं आहे हो, झटका आलाय." कंडक्टर तरुण मुलगी होती. मावशींनी गोधडी उघडून दाखवली आणि सामानाचं वेगळं तिकीट मागितलं. ती म्हणाली, "राहू द्या मावशी, मांडीवर तर आहे." मावशींनी तिला शांतपणे समजावलं की आज मांडीवरचा सेल्फ सोडलास तर उद्या लोक मांडीवर टायर घेऊन बसतील. तिकीट फाटलं, तेव्हाच त्यांचं समाधान झालं. इलेक्ट्रिशियनने सेल्फ खोलला, आतला काळा चुरा झटकला आणि मोटरला वीज पोचवणारे, झिजून एवढेसे झालेले दोन कार्बन तळहातावर धरले. "मोटर ठणठणीत आहे मावशी. कार्बन संपले होते आणि बुश ढिला होता. एवढ्याशा कारणासाठी गाडी भंगारात?" मावशींनी फक्त माझ्याकडे पाहून भुवया उचलल्या. नवे कार्बन घालून त्याने तो बॅटरीवर फिरवून दाखवला तेव्हा तो असा गर्जून फिरला की मावशी स्टुलावरून अर्ध्या उठल्या. दिवस मावळायच्या आत आम्ही तो परत जागेवर चढवला. उतरवण्यापेक्षा चढवणं सोपं गेलं, कारण आता मावशींच्या बोटांना रस्ता ठाऊक झाला होता. किल्ली मात्र त्यांनी फिरवून पाहिली नाही; ती रविवारी सगळ्यांसमोरच फिरवायची होती.

रविवारी सकाळी अंगणात ही गर्दी. भंगारवाला वेळेवर आला होता, सभ्य माणूस, हाताला घड्याळ, खांद्यावर पंचा. दोन्ही शिलाई मशीन पायऱ्यांवर आणून ठेवल्या होत्या. मिलिंद उघड्या बॉनेटशी उभा होता. मावशी नवी साडी नेसून स्टिअरिंगवर बसल्या, सगळ्यांना एकदा मोजल्यासारखं पाहिलं आणि किल्ली फिरवली.

काहीच झालं नाही. टकसुद्धा नाही. त्यांनी परत फिरवली. समोरच्या काट्यांमधला लाल दिवाही लागला नाही. भंगारवाल्याने खाली पाहिलं, पायऱ्यांवरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मावशींनी तिसऱ्यांदा किल्ली फिरवली आणि हात तसाच ठेवला. त्यांचा हरलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आता तो येतोय की काय असं वाटलं. तेवढ्यात माझं लक्ष मिलिंदकडे गेलं. तो गाडीच्या आत, बॅटरीकडे बघत होता. अर्थची वायर मोकळीच लोंबत होती. काल संध्याकाळच्या घाईत ती जोडायची आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात राहिली नव्हती. मिलिंदने वायर पाहिली, मग बॉनेटच्या कडेने आईकडे पाहिलं. तो नुसता गप्प राहिला असता तरी पुरलं असतं. बॉनेट खाली पाडलं असतं तरी चाललं असतं. बोलणी झालेली होती, माणूस आलेला होता, आणि रात्री-अपरात्री येणारे ते फोन कायमचे बंद झाले असते.

त्याने वाकून वायर उचलली, बॅटरीवर बसवली, पान्याने घट्ट आवळली आणि बाजूला होऊन म्हणाला, "आई, आता मार."

मावशींनी किल्ली फिरवली. सेल्फ एका दमात गरगरला, इंजिन धडधडून उठलं, मागून काळ्या धुराचा लोट निघाला आणि विहाराच्या पिंपळावरचे कावळे उडाले. मग जो गलका झाला त्यात कोण काय म्हणतंय ते कळेना. कोणीतरी माझ्या पाठीवर थापा मारत होतं, बायका मावशींच्या खिडकीशी धावल्या होत्या, मेथीवाल्या बाईंनी मिठाईऐवजी हातात होता तो गूळच वाटायला घेतला. मावशींनी गाडी बंद केली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली. प्रत्येक वेळी ती सपाट अंगणात, किल्लीवर, पहिल्या फटक्यात लागली. भंगारवाला माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चालू गाडीचा भाव वेगळा होईल बरं का." मावशींनी ते ऐकलं आणि त्याला आदराने विचारलं, "तुम्हाला कुठे जायचंय? नाशिकरोडला सोडते." आणि खरंच सोडलं. जाताना त्याला मशीनचा पाय धरायला लावला.

दुपारी आम्ही तिघं हरसूलला निघालो, मावशी, मिलिंद आणि मधे मी. वाटेतल्या गिरणारे गावापर्यंत मावशींनी चालवली. तिथे चहाला थांबलो. मावशींचा उजवा हात आता चांगलाच सुजला होता, कपबशी धरताना कळत होतं. मिलिंदने समोर हात केला. मावशींनी थोडा विचार केला आणि किल्ली त्याच्या हातात दिली. मग त्या पलीकडून येऊन खिडकीशी बसल्या.

घाट सुरू झाला. भात कापून झालं होतं, खळ्यांवर भाताच्या भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या, उतरत्या उन्हात डोंगरावरचं गवत पिवळं पडलं होतं. मावशी हाताची घडी घालून बाहेर बघत होत्या. वळणावर एक छोटा तलाव आला, काठाला दोन म्हशी, पाण्यात आभाळ. मावशी म्हणाल्या, "हे पाणी इथे आहे?"

मिलिंद म्हणाला, "कायमच आहे, आई. तू तर रोज जायचीस इथून."

"जायचे," त्या म्हणाल्या. "पण मी आत बघत होते. माणसं, तिकिटं, सुट्टे पैसे. इथे चढ लागायचा एवढं पायांना कळायचं." थोड्या वेळाने त्या त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, "जरा हळू घे."

मिलिंदने गिअर बदलला. मागे दोरीने बांधलेल्या शिलाई मशीनचं खडखडणं कमी झालं, आणि गाडी इतकी सावकाश चालू लागली की वाटेवरची प्रत्येक बाभूळ खिडकीपाशी येऊन थोडी थांबतेय असं वाटलं.